मेनिकेच्या ओसरीवर

मेनिकेने खोबरेल तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली, शेजारी एक मऊ फडकं ठेवलं आणि माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं.

"पूस," ती म्हणाली.

मला वाटलं, घाम आलाय म्हणून म्हणते आहे. मी पदराने गाल पुसले. तिने मान हलवली आणि तेच बोट माझ्या दोन भुवयांच्या मध्ये आणून टेकवलं.

"हे. हे पूस. लवकर."

आम्ही इंग्रजीत बोलत होतो. मेनिके त्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं होतं. दोघींचंही मोडकंतोडकं, म्हणून तर एकमेकींना कळायचं. पण तिचं ते वाक्य कळूनही मी नुसती बघत राहिले.

सासूबाई दाराशी बसून सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता थांबवला.

"काय म्हणतीया गं ती?"

"काही नाही, आत्याबाई."

"काही न्हाई, मग तुझं त्वांड असं का झालंय?"

उघड्या दारातून समोरची टेकडी दिसत होती आणि टेकडीच्या मागून, जिकडे मोठा रस्ता होता तिकडून, काळ्या धुराचे तीन लोट वर चढत होते. सकाळी माझा नवरा त्याच रस्त्याने गेला होता.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशीच्या जुलैमधली. मंगळवार होता. आता माझी पंच्याहत्तरी उलटली, कालचं जेवण आठवत नाही, पण त्या वाटीतलं तेल किती होतं ते सांगू शकेन.

कऱ्हाडला आमचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. मोटारींच्या कंपनीने त्या वर्षी चांगला धंदा करणाऱ्या दुकानदारांना बायकोसह श्रीलंकेची सहल दिली. सासूबाईंचं नाव त्यात नव्हतं, पण लंका म्हटल्यावर त्या हट्टालाच पेटल्या. सीतामाई बसली होती ते अशोकवन त्यांना बघायचं होतं. गल्लीतल्या बायका चेष्टा करायच्या, "मामी, जपून बरं. रावणाचं गाव हाय ते." सासूबाई म्हणायच्या, "न्हेऊ दे की मला. दुसऱ्या दिवशी स्वतः आणून सोडंल."

बाकीची मंडळी कोलंबोत समुद्राकाठी राहिली आणि आम्ही तिघं भाड्याची गाडी करून डोंगरात गेलो. ड्रायव्हर सिरिसेना नावाचा सिंहली माणूस होता, थोडं हिंदी बोलायचा. अशोकवन झालं. सोमवारी परत येताना कँडीच्या अलीकडे त्याने गाडी एका आडवाटेच्या गावात घातली. म्हणाला, "इधर मेरा बहन का घर. हॉटेल का खाना अम्मा को नहीं अच्छा." मेनिके म्हणजे त्याची चुलत बहीण.

तिने आम्हाला घरात घेतलं तेव्हा दोन्ही हातांच्या ओंजळीत विड्याच्या पानांची चवड धरली होती. ती सासूबाईंपुढे केली आणि गुडघे टेकून त्यांच्या पायांना हात लावला. सासूबाई पान खाणाऱ्या, त्यांना यापेक्षा मोठा मान ठाऊक नव्हता. "अगं, ही तर आपल्यातलीच हाय," त्या म्हणाल्या. घटकाभरात दोघी शेजारी बसून सुपारी कातरायला लागल्या. एक मराठीत बोलायची, एक सिंहलीत, आणि दोघी माना डोलवायच्या. मी मेनिकेपेक्षा तीन वर्षांनी लहान निघाले, म्हणून तिने मला 'नंगी' म्हणजे धाकटी बहीण ठरवलं. मोठ्या बहिणीला ते लोकही 'अक्का'च म्हणतात, हे कळल्यावर मला उगाच भरून आलं.

जेवता जेवता रेडिओवर काहीतरी सांगितलं. सिरिसेनाचा घास हातात राहिला. कोलंबोत संचारबंदी लागली होती. मेनिकेने काही विचारलंच नाही. तिचा नवरा रेल्वेत, पोल्गाहवेला नावाच्या स्टेशनवर ड्यूटीला होता. त्याच्या आणि तिच्या पलंगावर तिने आमच्यासाठी धुतलेल्या चादरी घातल्या आणि स्वतः स्वयंपाकघरात चटई टाकली.

मंगळवारी सकाळी आमचे हे म्हणाले, "कँडीला जाऊन कोलंबोच्या ऑफिसात फोन करतो. उद्याचं विमान आहे का नाही ते तरी कळेल. जेवायला येतोच." मी म्हटलं, मी येते. सिरिसेना म्हणाला, "लेडीज नहीं." मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. ते गाडीत बसता बसता म्हणाले, "आईचं पान संपत आलंय, बघून ठेवतो." एवढंच.

साडेबाराला शाळा सोडून मेनिके घाईघाईने परत आली. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं: उत्तरेत तमिळ बंडखोरांनी सैनिक मारले होते. त्याचा सूड म्हणून कोलंबोत तमिळ लोकांची घरं जाळत होते, माणसं जाळत होते. ते आता कँडीपर्यंत आलं होतं. खालच्या रस्त्यावरचं मुत्तय्याचं किराणा दुकान पेटलं होतं. लॉरीतून माणसं फिरत होती आणि त्यांच्या हातात नावांच्या याद्या होत्या.

"आम्ही कुठे तमिळ आहोत?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "तुझ्या नवऱ्याच्या कानांना भोकं आहेत?"

"आहेत. आमच्याकडे सगळ्यांचेच टोचतात. का?"

"ते कान बघतात."

मी आतल्या खोलीत गेले. मला जे ठाऊक होतं तेच केलं. माणूस बाहेर संकटात असला की आमच्याकडची बाई आधी कपाळाकडे हात नेते. पिशवीतून करंडा काढला, आरशाचा तुकडा खिडकीला टेकवला. आधी मेण लावलं आणि त्यावर कुंकू दाबलं. नेहमीच्यापेक्षा दुप्पट मोठं, रुपयाएवढं. टिकल्या तेव्हा निघाल्या होत्या, पण सासूबाई घरात येऊ द्यायच्या नाहीत. "चिकटवलेलं कुंकू पडतं, आणि पडलं की जीव धसकतो," असं त्यांचं म्हणणं. ते मोठं कुंकू लावून देवाला हात जोडून मी बाहेर आले, आणि मेनिकेने मला बघितलं. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मग ती तेलाची वाटी घेऊन आली.

"तमिळ बायका कपाळावर लावतात," ती म्हणाली. "आम्ही लावत नाही. ते लांबून तेवढंच बघतात. नंगी, पूस."

"मी पदर पुढे ओढून घेते."

"पदर ओढून बघतात."

"मग मला कुठेतरी लपव. माळा आहे ना तुमचा, भात ठेवायचा?"

"माळ्यावर जागा नाही."

"मी कुठेही मावेन, अक्का."

"जागा नाही," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जोरात. "लपलेलं माणूस ते शोधून काढतात. ओसरीवर बसलेल्या माणसाला शोधत नाहीत. माझी साडी नेस आणि माझ्या शेजारी बस. तू माझी बहीण आहेस. पण ते पूस."

"मी नाही पुसणार," मी म्हटलं. "ते बाहेर आहेत. ते परत येईपर्यंत मी याला हात लावणार नाही. मारू देत मला."

मेनिके वाकली. तिचं तोंड माझ्या तोंडाशी आलं.

"तू एकटी मरणार नाहीस," ती म्हणाली.

"काय म्हणतीया ती?" सासूबाई आता उठून उभ्या राहिल्या होत्या. "शालन, मला सांग. मी काय कुक्कुलं बाळ न्हाई."

मग मी सांगितलं, सगळंच सांगितलं. धूर कसला, याद्या कसल्या, कान कशाला बघतात, कपाळ कशाला बघतात. कानांचं सांगितलं तेव्हा त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कानाशी गेला. मुलाचे कान बाराव्या दिवशी त्यांनीच मांडीवर घेऊन टोचून घेतले होते.

"आणि न्हाई पुसलं तर?"

"तर घर जाळतील म्हणते. आपल्यासकट."

सासूबाई एकोणतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. पांढरं लुगडं, मोकळा गळा, मोकळे हात, मोकळं कपाळ. त्या मुलखात पांढऱ्या वस्त्रातल्या म्हाताऱ्या देवळात व्रताला बसतात. म्हणजे आमच्या तिघांत लंकेत कुणाला धोका नव्हता तर त्यांनाच.

त्या खाली बसल्या आणि वाटी ओढून घेतली.

"डोळं मिट," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, नको."

"मिट म्हनते ना."

"तुमच्या पाया पडते. ते बाहेर आहेत हो."

"मला म्हाईत न्हाई व्हय, कोन बाहीर हाय ते?" त्यांनी माझी हनुवटी धरली. त्यांची बोटं कातासारखी कोरडी होती. "हे कुंकू तुझं न्हाई. माझ्या पोराचं, आनंदाचं हाय. मीच तुला लावाय लावलं, मीच पुसतीया. पाप लागलं तर मला लागंल. तू हात लावायचा न्हाईस."

मेण तेलाशिवाय निघत नाही. आधी त्यांनी अंगठ्याने तेल चोळलं, मग फडकं फिरवलं, पुन्हा तेल, पुन्हा फडकं. घाई नाही, थरथर नाही. ताट पुसावं तसं पुसलं. मी हुंदके देत होते आणि मला त्यांचा असा राग आला की तसा पुन्हा कुणाचा आला नाही. पोटच्या पोराचं कुंकू, आणि हात अडखळला सुद्धा नाही या बाईचा!

मेनिकेने माझ्या बांगड्यांकडे हात नेला. सासूबाईंनी तो धरला. "फोडायच्या न्हाईत," त्या मराठीतच म्हणाल्या, आणि मेनिकेला कळलं. साबण लावून एकेक बांगडी काढली. जोडवी, मंगळसूत्र सगळं एका रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात खाली घातलं. करंडा चुलीत गेला. इतक्या वर्षांच्या कुंकवाखालची कातडी लाल पडली होती, तो डाग काही जाईना. मेनिकेने त्यावर तांदळाचं पीठ चोळलं आणि मला तिची निऱ्यांची झालर कमरेला असलेली साडी नेसवली. सासूबाईंचा कासोटा सोडून तेच लुगडं गोल गुंडाळून दिलं.

लॉरीचा आवाज आला तेव्हा तीन वाजले असतील.

ओसरीवर आम्ही तिघी अशा बसलो होतो: मेनिके खुर्चीवर, शाळेच्या वह्या घेऊन. मी जोत्यावर, मांडीवर तांदळाचं सूप. सासूबाई खांबाला टेकून, समोर पानाचं तबक. मेनिकेने त्यांच्या हातात एका वेळी चार पानं दिली आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून गाल फुगवून दाखवले. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. सासूबाईंनी चारही पानं कोंबली.

आठ-दहा माणसं फाटकातून आत आली. सगळ्यात पुढे एक चाळिशीचा माणूस होता, अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याच्याकडे बघून कुणी म्हटलं असतं, हा पोस्टात असेल. मागच्यांच्या हातात लोखंडी गज होते आणि एकाच्या हातात घासलेटचा डबा. डब्याला झाकण नव्हतं, चालताना त्यातून थेंब सांडत होते आणि मेनिकेच्या झाडलेल्या अंगणात त्यांची रांग उमटत होती.

पेनवाल्याने कागद उघडून काहीतरी विचारलं. मेनिके उठली नाही. वहीवरची मान वर करून बोलली. शाळेतल्या बाईचाच आवाज होता तो. तिने माझ्याकडे हात केला, मग सासूबाईंकडे. 'नंगी' आणि 'अम्मा' हे दोन शब्द मला कळले. तो माझ्याजवळ आला.

मी तांदूळ निवडत होते. खडा कुठला आणि दाणा कुठला, मला काही दिसत नव्हतं. कपाळावर घाम डवरला होता आणि पिठाखालून एक थेंब सुटून खाली यायला लागला. मी पुसू शकत नव्हते. मनात एकच होतं, थेंबाचा रंग कोणता असेल? तो भुवईपाशी थांबला. त्या माणसाच्या चपला माझ्या सुपाला लागल्या. त्याने वाकून माझ्या हनुवटीखाली हात घातला आणि तोंड वर केलं.

मी त्याचे डोळे पाहिले. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते.

त्याने काहीतरी विचारलं. मला. हळूच, दोनदा.

आणि तेवढ्यात पचकन आवाज झाला. सासूबाईंनी तोंडातल्या चारही पानांची पिंक टाकली होती, ती थेट त्याच्या पायावर. पांढऱ्या लुंगीवर गुडघ्यापर्यंत लाल शिंतोडे उडाले. तो ओरडून मागे उडाला आणि तबक लाथेने उलथलं. सासूबाई कपाळावर हात मारून, हुं हुं करून, राहिलेल्या पानाच्या चोथ्यातून बोळकं तोंड दाखवत त्याचा पाय पुसायला लुगड्याचा पदर घेऊन पुढे सरकायला लागल्या.

"आच्ची!" मागचा घासलेटवाला हसला. आच्ची म्हणजे आजी. मग दुसरा हसला. कुणीतरी पेनवाल्याला टोमणा मारला, सगळेच खिदळले. मेनिके उठली आणि सासूबाईंना खडसावायला लागली, घरातल्या म्हाताऱ्यांना खडसावतात तशी, आणि पेनवाल्यापुढे तांब्या केला. त्याने शिव्या देत पाय धुतला. जाताना पुन्हा एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मग बाहेर लॉरी सुरू झाली.

आवाज पार विरेपर्यंत आम्ही हललो नाही. मग मेनिकेने वाकून माझ्या भुवईवरचा तो थेंब टिपला आणि मला बोट दाखवलं. पिठाचा पांढरा थेंब होता.

ती आत गेली. शिडी लावल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले तर माळ्यावरून एक बाई उतरत होती, कडेवर तान्हं मूल, त्याच्या तोंडात कापडाचा बोळा. तिच्यामागे एक म्हातारा. मग एक पुरुष, तो खाली येताच भिंतीला धरून ओकला. मुत्तय्याचं कुटुंब होतं ते. पहाटे आम्ही उठायच्या आधीच मेनिकेने त्यांना वर चढवलं होतं. बाईने मुलाच्या तोंडातला बोळा काढला आणि ते रडायला लागलं. तिच्या कपाळावरही माझ्यासारखाच लाल पडलेला डाग होता.

माळ्यावर जागा नव्हती ती अशी.

त्या दिवशी मेनिकेने सहा माणसांचा भात रांधला. मला घास गिळवेना. सासूबाई तर जेवायला उठल्याच नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या त्या तशाच. मेनिके पान घेऊन गेली, त्यांनी मान हलवली. मी एकदाही त्यांच्याजवळ गेले नाही. आम्हाला वाचवलंत, पिंक टाकलीत, सगळं कळत होतं मला. पण डोळ्यांसमोर ते ताट पुसल्यासारखं फिरणारं फडकं होतं, आणि हे अजून आले नव्हते. मी मेनिकेच्या शेजारी चटईवर पडून राहिले. तिचाही नवरा त्याच रस्त्यांवर कुठेतरी होता. तिने माझं मोकळं मनगट हातात धरलं ते सोडलंच नाही.

बुधवारी सकाळी कुणी सांगितलं, कँडीच्या रस्त्यावर गाड्या जाळल्यात. दुपारी कुणी सांगितलं, सिरिसेनाच्या गाडीसारखी गाडी नदीजवळ उलटी पडलेली बघितली. मेनिकेने हे दुसरं मला सांगितलं नाही, पण सांगणाऱ्याच्या हातवाऱ्यांवरून मला कळलं. सासूबाईंना काहीच सांगावं लागलं नाही. त्यांनी विचारलंच नाही. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं, आई असून या बाईने एकदाही विचारलं नाही की काही कळलं का गं.

चार वाजता फाटक वाजलं. मी ओसरीवरच होते. दोन माणसं आत येत होती. पुढच्याच्या अंगात फाटका बनियन, कमरेला चौकड्यांची लुंगी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने लडबडलेले. दोन्ही कानांच्या पाळ्यांना मळक्या चिकटपट्ट्या लावलेल्या. मी मेनिकेला हाक मारणार तोच तो माणूस म्हणाला, "शालन."

मी जागची हलले नाही. ते जवळ आले. त्यांनी माझं कपाळ पाहिलं, गळा पाहिला, हात पाहिले, आणि थांबले.

"काय गं," ते म्हणाले. आवाज चिरकत होता, पण चेष्टाच करायची होती त्यांना. "माझी मयत उरकलीत काय?"

सिरिसेनाने त्यांना डोंगरातल्या एका विहारात नेऊन ठेवलं होतं. भिक्षूंनी कोठीत दडवलं. मग शेतांतून, ओढ्यातून चालत ते दोघे आले होते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती वळले आणि आत धावले.

"आत्याबाई! हे आले! अहो, आले हे!"

त्या भिंतीकडेच तोंड करून बसल्या होत्या. वळल्या नाहीत.

"कोन?"

"हे! तुमचा मुलगा आलाय, अंगणात उभे आहेत. उठा."

"तू बघितलंस?"

"बघितलं म्हणजे? बोलले माझ्याशी!"

"बोलत्यात," त्या हळूच म्हणाल्या. "सुरवातीला बोलत्यात. हाकबी मारत्यात."

"कोण बोलतात?"

त्यांनी माझा हात पकडला. त्यांचा हात गार होता आणि आता तो थरथरत होता, काल अजिबात न थरथरलेला.

"त्याचं पाय बघितलंस का गं?" त्या म्हणाल्या. "पाय बघ पोरी त्याचं. सरळ हायत का उलटं?"

माझ्या कपाळावर फडकं फिरवताना त्यांनी आपला मुलगा देऊन टाकला होता. नुसतं म्हणायला नव्हे. त्यांच्या लेखी तो तेव्हाच गेला होता, मंगळवारी दुपारी, त्यांच्या हाताने. म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायचं काय होतं?

मेनिके दारात आली होती. "अम्मा काय म्हणते?" तिने विचारलं.

मी सांगितलं. उलट्या पायांचं इंग्रजीत कसं सांगायचं ते मला कळेना, म्हणून हाताचे तळवे उलटे फिरवून दाखवलं.

मेनिके हसली नाही. तिने पाण्याची घागर उचलली आणि अंगणात गेली. यांना तिने हाताला धरून पायरीच्या दगडावर उभं केलं. त्यांना काही कळत नव्हतं, ते नुसते बघत होते. तिने घागर कलती केली आणि हाताने त्यांच्या पायांवरचा चिखल चोळून काढला, आधी एक पाय, मग दुसरा. सगळा चिखल वाहून जाईपर्यंत पाणी ओतत राहिली. मग वाकून, नीट, वेळ घेऊन दोन्ही पाय बघितले, आणि घराकडे तोंड करून तिच्या भाषेत मोठ्याने काहीतरी सांगितलं.

सासूबाई उठल्या. भिंत धरत, खांब धरत उंबऱ्यापर्यंत आल्या.

"आई," हे म्हणाले आणि पुढे यायला लागले.

"थांब," त्या म्हणाल्या. मुलाच्या तोंडाकडे त्यांनी अजून बघितलं नव्हतं. ओल्या दगडावर दोन पाय होते, दहाही बोटं घराकडे वळलेली. "हलू नगंस रं. मला बघू दे."